हासलो म्हून घटावर बसलो

तुमाले वाटन, आता देवी याच्या सपनात येईन, शंख वाजन, आभायातून फुलं पडतीन. थांबा. त्यातलं काईच झालं नाई. आडवी आली ती माही सोताची लबाडी.

मी हिंगणीचा. मॅट्रिकले नापास, नकलेत पह्यला. रेलगाडी, मोर, मास्तर, समदे माह्या गयात. वर्ध्याचे एक कापसाचे शेटजी माह्यावर लय खुश. मुंबईच्या नाटक कंपनीच्या मालकापुढं मले उभं कराचं त्याइनं ठरवलं. तेबी नागपुरावरून विमानानं!

तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्या गावात घटाजवळ जो बसते, त्यानं नऊ दिवस दिवा इझू द्याचा नाई, गावाची शिव वलांडाची नाई. कोन बसन, हे सोनबा भगताच्या अंगात आलेली देवी सांगे. म्या देवळामांगं लपून सोनबाच्या आवाजात हाक देल्ली, "जो हासन, तोच बसन!" मंग गुपचूप लोकाइत येऊन उभा राह्यलो. निशाना होता माह्या दोस्तावर, बबन्यावर. तो सदा खिदळे. पन त्यानं तोंडात टॉवेल कोंबला, आन् हासू फुटलं मलेच! लोकाइनं वढून आनलं. खरं सांगतो तं मार पडते, म्हून बसलो.

विमान पाचव्या दिवशी होतं. "मी पयतो," म्या आईले म्हटलं.

"पय ना. पन दिवा कोनाच्या हाती देशीन?"

नऊ दिवसाच्या मधात दिवा राखनारा हात बदलत नाई. शेटजी एकलेच गेले. म्या देवीले मनातल्या मनात लय शिव्या देल्या.

दुसऱ्या दिवशी शेटजीचा मुनीम सायकलनं आला. पायरीवर बसला. मंग म्हणे, विमान वर उठता उठताच इंजिन बंद पडलं. कोसळलं. कोनी वाचलं नाई.

गाव माह्या पाया पडाले लागलं. आई म्हणे, "देवीनं माहा लेक राखला." माह्या डोयापुढं मात्र शेटजी. मोर काढला का पोट धरून हासत, म्हणत, "और एक बार, बेटा!"

सांजच्या आरतीले म्या टाळी वाजवली नाई. समदे गेल्यावर देवीवर वरडलो, सोनबाच्याच जाड्या आवाजात, "मले राखलं, मंग त्याइले काऊन नाई? जा, मी हात जोडत नाई!" वरडता वरडता वात मंद झालेली दिसली, आन् हात आपसूक तेलाच्या बुधलीकडं गेला. जोत उभी राह्यली. राग माहा अजूनबी गेला नाई. पन रागवाले मी तिच्यापाशीच बसतो, एवढं तिनं माह्याकडून करून घेतलं. तेवढे तिचे उपकार.

जोत उभी राह्यली तवाच मांगून येऊन सोनबानं कान पिरगाळला. "हलकटा, त्या दिवशीबी तूच वरडला होता, मले तवाच समजलं. तिच्यासंग भांडाचं हाय तं खुशाल भांड, तिले सवय हाय. पन आपल्या आवाजात भांड ना, लेका! माह्या आवाजात काऊन?"