डाय हलली, लॉट गेला

माझा एम.बी.ए.चा प्रबंध आमच्या घरात फक्त पप्पांनी तपासला, आणि तोही न वाचता.

पप्पा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. मी दहावीपर्यंत आजोळी, तालुक्याच्या गावी शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. प्रबंधाचा विषय होता 'लघुउद्योगांतील गुणवत्ता नियंत्रण'. (त्यातलं काही पप्पांना विचारावं, असं मला एकदाही सुचलं नाही. मी पुस्तकं वाचत होते.)

कॉलेजने प्रबंधाचं टेम्प्लेट दिलं होतं. समास, अक्षरांचा आकार, पानांचे क्रमांक सगळं आधीच बसवलेली फाइल. आपण नुसता मजकूर भरायचा. मी घरी हे फार कौतुकानं समजावलं.

"म्हंजे डाय. आमचा साचा," पप्पा म्हणाले.

"हो, तसंच. चुकायचा प्रश्नच नाही."

"डाय चांगली म्हणून पीस चांगलाच निघतो, असं न्हाई. पहिला पीस काढून दाखव."

"पप्पा, हे कॉम्प्युटरवर असतं," मी समजुतीच्या सुरात म्हणाले.

पुढे एक तक्ता पानात मावेना. मी स्क्रीनवरच्या मोजपट्टीवरची समासाची छोटी खूण माउसने जराशी डावीकडे ओढली. तक्ता बसला. मला वाटलं, खूण तक्त्यापुरतीच सरकली.

जमा करायची मुदत गुरुवारी पाचची. चुकली की पदवी पुढच्या वर्षावर. सकाळीच ताथवड्याच्या दुकानातून तीन प्रती छापल्या. तिथला बाइंडिंगवाला अजून यायचा होता, म्हणून गठ्ठे घरी आणून टेबलावर ठेवले आणि आंघोळीला गेले. मात्र गुरुवार म्हणजे पप्पांची साप्ताहिक सुट्टी, हे विसरले.

बाहेर आले तर पप्पांच्या एका हातात स्टीलची पट्टी, दुसऱ्यात लाल मार्कर. तिन्ही गठ्ठ्यांच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत लाल पट्टा.

"पप्पा, हे काय केलंत?"

"रिजेक्ट. लाल खूण आसली की चुकून चांगल्या मालात जात न्हाई."

"आज पाचला जमा करायचाय. वर्ष जाईल माझं!"

"म्हणून तर तिन्हीवर केली."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, पोरीचं पुस्तक हाय ते, ब्रेक ड्रम न्हाई."

पप्पांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. कॉलेजची नियमावली मीच तिथे चिकटवली होती. "डावीकडं दीड इंच, बाइंडिंगसाठी. तुझं एकच इंच हाय. शिवलं की अक्षरं आत."

मी मोजलं. मग पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. एकच इंच.

"सगळ्या पानांवर?"

"डाय हलली की सगळा लॉट सारखाच जातो," पप्पा म्हणाले. (आभाराच्या पानावर मी त्यांना 'नैतिक पाठबळा'बद्दल धन्यवाद दिले होते. तेही पान रिजेक्ट झालं.)

कॉम्प्युटरवर समासाची खूण जागेवर नेली, तर तक्ता पुन्हा पानाबाहेर. मी रडकुंडीला आले.

"ते एक पान आडवं घे की," पप्पा म्हणाले. दोन दिवस मी ज्या तक्त्याशी झुंजले होते, तो दोन मिनिटांत मावला.

स्कूटरवर पप्पा मागे बसले, खिशात पट्टी. दुकानदार तिन्ही प्रती छापायला लावणार, तोच ते म्हणाले, "भाऊ, पहिलं एकच पान काढा." मोजलं. "आता चालू द्या लाइन."

दुकानदाराने मला हळूच विचारलं, "हे कॉलेजचे सर का?"

मी हो म्हणाले. समजावत बसायला वेळ नव्हता.

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षेला सरांनी एक्केचाळिसावं पान उघडलं. "'पहिला नग तपासल्याशिवाय उत्पादन सुरू करू नये.' छान लिहिलंय. एखादं प्रत्यक्ष उदाहरण?"

मी त्या गुरुवारचा किस्सा प्रत्येक बारकाव्यासह सांगितला. सर खूश झाले. मुलीचं नाव तेवढं मैत्रिणीचं घातलं.