व्हिडिओवरचं बारसं

टेक्नॉलॉजीने माणसं जवळ आली म्हणे. डोंबलाची जवळ आली! हे वाक्य मला माझ्या धाकट्या भावाने ऐकवलं, आणि तेही कधी, तर त्याच्या मुलीच्या बारशाला येऊ नकोस असं सांगताना.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीमुळे चंदीगडला आले, इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, आईवडील गेले. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, पुण्यातला हा भाऊ. त्याला उशिरा मुलगी झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये लाडू वाटत सुटले होते. मला एकच हवं होतं. त्या पोरीने मला ओळखावं, माझ्या मांडीवर येऊन बसावं. बाकी मला त्या घरातलं काही नको होतं.

बारशाला आत्या लागते. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, ‘कुर्रर्र’ करायचं, आणि तेवढ्यात मागच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. मी रजा टाकली होती, कुंची शिवून तयार होती. आणि याचा फोन आला.

“ताई, कशाला एवढी धावपळ करतेस? हॉलमध्ये मोठा स्क्रीन लावतोय. तू तिथूनच कुर्र कर. लाइव्ह!”

“अरे, कानात सांगायचं असतं.”

“मग इअरबड लावू ना तिला.”

खोटं नाही सांगत. एवढ्याशा जिवाच्या कानात हा शहाणा इअरबड कोंबायला निघाला होता. वहिनीने निदान तेवढं तरी होऊ दिलं नाही. भाऊ हुशार आहे, प्रश्नच नाही. त्याच्या घरात हाक मारली की दिवा लागतो, दूध संपलं की फ्रिज त्याला कळवतो. बहिणीच्या मनात काय आहे हे कळवणारं यंत्र तेवढं त्याने अजून घेतलेलं नाही. मी रजा मागे घेतली. नको म्हणणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायची मला सवय नाही.

बारशाच्या दिवशी वरच्या मजल्यावरची बाई घुगऱ्या घेऊन खाली आली. नवरा फौजेत मेजर, माहेर नागपूर. “एकट्या काय बसता जी, मी आहे न,” म्हणाली आणि माझ्याशेजारी सोफ्यावर बसली. समोर लॅपटॉप. तिकडे हॉल, फुगे, आणि चक्क माइकवाला निवेदक. “आता आपल्यासोबत जॉइन होत आहेत, थेट चंदीगडहून, बाळाची आत्या!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रिकेटचा सामना चाललाय की बारसं, तेच कळेना.

वहिनीने फोन पाळण्यात धरला. मला दिसला तो पाळण्याचा कठडा आणि वहिनीचा अंगठा. मी नाव घेतलं, कुर्र केलं. ते हॉलच्या स्पीकरमधून असलं काही किंचाळत बाहेर पडलं की पोरीने टाहो फोडला. बायका मागे सरकल्या. धपाटे घालायला पाठच नव्हती, मग त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि सेल्फीकडे वळल्या.

तेवढ्यात माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. “रीत आहे न जी,” मेजरची बायको म्हणाली, “सुकी कशी जाऊ द्यायची?” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लागलं म्हणून नव्हे. एवढ्या थाटामाटात मला हात लावणारं माणूस एक परकी बाई निघाली, म्हणून. लॅपटॉपवर तोवर पांढरं चक्र गरगर फिरत होतं. संध्याकाळी भावाचा मेसेज आला, ‘सुपर झालं ताई!’ आणि खाली एक नाचणारी बाहुली. मेली बाहुली!

मग रविवारचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. पोर बसायला लागलेली मी पडद्यावर पाहिली, दात आलेले पडद्यावर पाहिले. दर सुट्टीत मी येते म्हणायचे आणि दर वेळी त्यांचं कुठेतरी बुकिंग झालेलं असायचं. ‘बाबा’ म्हणायच्या आधी ती ‘आत्या’ म्हणाली. त्या दिवशी मी सगळा राग विसरून रडले. भाऊ मात्र स्वतःच शोध लावल्यासारखा फुशारला होता.

यंदाच्या मे महिन्यात ते सिमल्याला निघाले, वाटेत माझ्याकडे थांबले. मी दार उघडलं आणि हात पुढे केले. पोरीने वहिनीच्या खांद्यात तोंड खुपसलं. ठीक आहे, लहान मुलं करतात तसं. हॉलमध्ये बसल्यावर वहिनी म्हणाली, “अगं, आत्या ना ही! कुठंय आत्या?” पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाच्या हातातल्या फोनकडे बोट केलं आणि म्हणाली, “आत्या.”

दोघं खो खो हसली. मला हसू आलं नाही.

“ताई, आयडिया!” भाऊ म्हणाला. “तू किचनमध्ये जा, मी कॉल लावतो. ती खूश होईल बघ.”

कर्म माझं! माझ्याच घरात, माझ्याच भाचीने ओळखावं म्हणून मी नजरेआड व्हायचं. तो फोन घेऊन गॅलरीतून खाली भिरकावावा असं वाटलं. पण पोर फोनकडे डोळे लावून बसली होती. मी गेले.

ओट्यापाशी उभी राहिले, भाजीखालचा गॅस बारीक केला. फोन वाजला. उचलला तर तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दोन्ही हात पुढे करून ती काचेवर ओठ टेकवायला लागली.

“आत्या!”

मला ते दोनदा ऐकू आलं. आधी भिंतीपलीकडून, आणि मग फोनमधून. मी एकदा दाराकडे वळून पाहिलं आणि लगेच पुन्हा फोनकडे पाहून हसले, कारण ती तिथे बघत होती.