चष्म्यासकट माणूस

मलाय द्वीपकल्पातल्या एका जंगलवस्तीत आमची सहल पोचली, तेव्हा तिथले एक आजोबा जाड काचांचा चष्मा लावून पेपर वाचत बसले होते. आम्ही सगळेच हिरमुसलो. शाळेत घोकलेल्या भूगोलात तीन बाजूंना समुद्र, बारमाही पाऊस, घनदाट अरण्य आणि शेवटी एका ओळीत 'येथील लोक' असत. पर्जन्यमानासारखे तेही कधी बदलत नसत.

पुरुषभर लांब नळीत फुंकर मारून बाण सोडायची त्यांची पिढीजात कला आम्हाला पाहायची होती.

"चष्म्याने फोटोची मजा जाते हो," आमच्यातले एक काका म्हणाले. गाइडने खूण केली. आजोबांनी चष्मा काढून त्याच्याकडे दिला आणि समोर टांगलेल्या नारळावरचा त्यांचा नेम पार चुकला.

"येत नाही वाटतं यांना!" काका हसले. मीही हसलो. चष्म्याशिवाय मला ताटातली चटणी दिसत नाही, आणि मी हसलो!

बायको भडकली. "तुमचा काढून घेऊ का इथे, सगळ्यांसमोर?" मग ती गाइडकडे वळली. "द्या आधी त्यांचा त्यांना!"

खरंच, माणसाला त्याच्याच अंगणात आंधळं करायचं आणि वर त्याला काही येत नाही म्हणायचं, ही कुठली रीत?

चष्मा परत मिळाल्यावर आजोबांनी काचा सावकाश पुसल्या. पुढचा बाण नारळात मधोमध रुतला.

त्या बाणाचा फोटो आमच्यापैकी एकाकडेही नाही. चुकलेल्याचे मात्र माझ्याकडे चार आहेत.