सव्वीस जानेवारीचा फळा

आमच्या शाळेच्या दाराशी एक फळा होता आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. कोण जन्मलं, कोण वारलं, कुठे तह झाला, कुठे लढाई झाली. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात पेठेतल्या त्या शाळेत लागले, तेव्हापासून मी हे लिहीत होते. एरवी पुस्तकं चाळावी लागत. सव्वीस जानेवारीला तसं नव्हतं. एकोणीसशे तीस, पहिला स्वातंत्र्यदिन पाळला गेला. एकोणीसशे पन्नास, संविधान लागू झालं. दोन ओळी, आणि खाली रंगीत खडूनं झेंडा.

दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीलाही मी तेच लिहिलं. मुलांची प्रभातफेरी गल्ल्यांतून फिरवून आणली, झेंडावंदन झालं. कोल्हापुरात त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव टाकून जिलेबी तळतात. त्यातलीच एक पुडी घेऊन मी घरी आले, तर आई टीव्हीसमोर उभीच होती.

"गुजरातेत भूकंप झालाय म्हणं. आपल्या पोरीचं गाव त्यात येतंय का बघ."

माझी धाकटी बहीण कच्छमध्ये राहत होती. तिचे यजमान तिथल्या एका मिठाच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांचा एकुलता एक मुलगा तिसरीत. मी फोन लावला. या मार्गावरच्या सगळ्या लाइन्स व्यस्त आहेत, असं एक बाई हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. बूथवाला म्हणाला, "बाई, सकाळपासनं कुणाचाच लागंना झालाय. तुम्ही बसा, मी लावत राहतो." तो लावत राहिला. रस्त्यावर लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी चालली होती. त्यानं उठून दार ओढून घेतलं, तरी आवाज आत येतच होता.

दुसऱ्या दिवशीही फोन लागला नाही. माझा थोरला भाऊ म्हशी पाळून दूध घालायचा. त्यानं म्हशी शेजाऱ्यावर सोपवल्या आणि म्हणाला, "इथं बसून काय होणार न्हाय. चल." मुंबईवरून अहमदाबाद, आणि पुढे मदतीचे ट्रक मिळतील तसे. ट्रकमध्ये पिठाची पोती होती, थंडी मरणाची होती. आम्ही पोत्यांना टेकून बसलो होतो आणि मी मनात एकच म्हणत होते, घर पडलं असलं तरी चालेल, फक्त माणसं राहू देत.

माणसं राहिली होती. दोन.

गावाच्या तोंडाशी दाजी भेटले. बहिणीच्या यजमानांना आम्ही दाजीच म्हणायचो. अंगावर धूळ इतकी होती की दादानं आधी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी आम्हाला एका उलटलेल्या हातगाडीच्या आडोशाला नेलं आणि सांगायला सुरुवात केली. त्या सकाळी शाळेची मुलं झेंडे घेऊन फेरीला निघाली होती. गावातल्या एका अरुंद बोळात शिरली आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली.

"पोरगा दुसऱ्या दिवशी सापडला. मीच उचलला," दाजी म्हणाले. "मैदानात सगळ्यांना एकत्र अग्नी देत होते. कुदळी-फावडी सगळी ढिगाऱ्यातली माणसं काढायला लागलेली. खड्डा खणायला कुणी मोकळं नव्हतं. त्यांच्यातच दिला."

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. दादानं डोळे मिटून घेतले.

"तिला ठाऊक हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय. सांगायला गेलो की हात धरती आणि म्हणती, चला, ह्या बाजूचं उकरायचं राहिलंय. माझ्यानं बोलवत न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही सांगा."

बहीण त्या बोळाच्या तोंडाशी ढिगाऱ्यावर बसली होती. हातात कौलाचा तुकडा होता, त्यानं ती माती ओढत होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. जणू मी शेजारच्या गल्लीतून आले होते.

"अक्का, बरं झालं आलीस," ती म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "तुला पोरांना हाका मारायची सवय हाय. तू मार त्याला हाक. माझी त्याला ऐकू जाईना झालीय."

मला हाक मारता आली नाही. मी तिच्याजवळ बसले, तिच्या हातातलं कौल काढून घेतलं आणि दाजींनी सांगितलं तसं सांगितलं. ती ओरडली नाही.

"माती दिली?"

"न्हाय. अग्नी दिला."

तिनं लांब उभ्या असलेल्या दाजींकडे पाहिलं. "मला दावला पण न्हाय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा दोन्ही हातांनी उकरायला लागली. दादानं तिला उचलून आणलं. ती त्याच्या पाठीवर गुद्दे घालत होती आणि तो चालत होता.

आम्ही तिला कोल्हापूरला आणलं. दाजी नोकरीसाठी मागं राहिले. ती त्यांच्याशी फोनवरसुद्धा बोलत नव्हती. घरी आईनं जंगमांना, आमच्यातल्या पुरोहितांना, बोलावलं. देह नसला तरी त्याचे कपडे ठेवून विधी करता येतो, असं ते म्हणाले. दाजींची जमीन नेसरीकडं होती, तिथं खड्डा घ्यायचं ठरलं. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला? त्यात तो न्हाय." आईनं पुन्हा विषय काढला नाही. ती आत जाऊन बसली. त्यानंतर आई माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी होत गेली.

वर्ष असंच गेलं. पुढच्या सव्वीस जानेवारीच्या आधी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, फळ्यावर भूकंपाची ओळ वाढवा. आता परीक्षेला विचारतात." माझ्या घरचं त्यांना ठाऊक होतं, पण त्या क्षणी लक्षात नव्हतं, एवढंच. मी खडू घेतला. साल लिहिलं. पुढं हात चालेना. कच्छ लिहू की गुजरात लिहू, एवढाच विचार करत मी तिथं उभी राहिले. शेवटी शेजारच्या वर्गाच्या बाईंनी माझ्या हातातून खडू घेतला आणि ओळ पुरी केली.

फेरी आमच्या घरावरून जायची. मार्ग बदला म्हणून मी आधीच विनवलं होतं, पण बाकीचे सगळे रस्ते दुसऱ्या शाळांनी घेतले होते. आईला मी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं होतं. आम्ही गल्लीत शिरलो आणि बघते तर बहीण अनवाणी रस्त्यात उतरलेली.

"मधनं चला रं," ती मुलांना सांगत होती. "भिताडाकडनं नगा जाऊ. मधनं चला."

मुलं आधी हसली. मग ती एकेकाला दंडाला धरून ओढायला लागली तशी घाबरली. एक लहान मुलगी पडली, तिचा गुडघा फुटला. बघायला उभ्या असलेल्यांपैकी एक माणूस पुढं आला.

"कोण हाय ही बाई? पोरांस्नी मारतीया की."

"माझी बहीण हाय," मी म्हणाले. फेरी तशीच सोडून मी तिला कवेत घेतलं. तिची नजर माझ्या खांद्यावरून वरच्या मजल्याच्या गॅलरीवर होती. "अक्का, त्यांना थांबव गं," ती म्हणत राहिली. पोरं घोषणा देत गल्लीतून पुढं गेली. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

त्यानंतर दादा दर वर्षी त्या दिवशी तिला पहाटेच जोतिबाच्या डोंगरावर घेऊन जायचा. तिथं देवळामागं ती बसून राहायची. झेंडा तिथंही लागायचा, गाणी तिथंही वाजायची. दादा म्हणायचा, "कुठं न्यायची हिला? ह्या दिवसापासनं लपायला देशात जागाच न्हाय."

पुढं दाजी नोकरी सोडून आले आणि तिला नेसरीला घेऊन गेले. ती गेली, एवढंच. भांडली नाही, हसलीही नाही. दुसरं मूल झालं नाही. आई वारली तेव्हा आम्ही तिला माती दिली. त्या वेळी बहीण खड्ड्याच्या काठाशी वाकून वाकून आत बघत होती, आणि लोकांची मूठमूठ माती टाकून झाली तरी तिची मूठ उघडत नव्हती. दाजींनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

मी महिन्यातून एकदा तिच्याकडं जाते. ती भाकरी करते, वाढते, माझी विचारपूस करते. दाजी शेतावर असतात. परत निघताना एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभ्या असतो. "बरी हाईस न्हवं?" मी विचारते. ती रस्त्याकडं बघत म्हणते, "हाय की."