मुलकीचा साक्षीदार

कचेरीपुढच्या कडुलिंबाखाली बसून तो छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "याला म्या ल्हानपनापासनं वळखतो." ज्याच्याबद्दल म्हणायचा, तो बहुधा त्याच सकाळी बार्शीहून आलेला असे.

निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीला मुलकीचा दाखला लागे. माणूस इथलाच, किंवा निदान पंधरा वर्षे इथे राहिलेला, असा. इंग्रजी मुलखातून येणाऱ्यांना त्यासाठी साक्षीदार हवा असे, आणि हा साक्ष विकायचा. एकदा पन्नाशीच्या कंपाउंडरबद्दल त्याने "माझ्या मांडीवर खेळलेला" म्हणून सांगितले. स्वतः तेव्हा चाळिशीचा. कागद पुढे ठेवणारा पेशकारही हसला, सही मात्र झाली. असे साक्षीदार तुम्हीही पाहिले असतील. इतका निर्लज्ज मी तरी दुसरा पाहिला नाही.

अक्कलकोटकडचा एक किराणा दुकानदार आमच्या शेजारी राहायला आला. मराठीत कानडी मिसळून बोलायचा, पण तोलायचा चोख. त्याच्या कुटुंबाला या साक्षीदाराने शपथेवर दाखला मिळवून दिला आणि मुलगा कचेरीत कारकून झाला. पुढे दुकानदाराने बाजारात घर घ्यायचे ठरवले. साक्षीदार म्हणाला, "आत्ताच घर घेतलं तर इचारत्याल, पंधरा वर्सं कुठं ऱ्हात हुता? तूर्त खरेदी माझ्या नावानं करू. मागनं फिरवू."

मी दुकानदाराला बजावले, "नाव स्वतःचं घाला."

"अण्णा, त्यांनी माझ्यासाठी शपथ घेतली की हो. तसला मानूस मला फसवंल का?"

"अहो, ती शपथच खोटी होती."

"आपल्यासाठीच घेतली की."

तो ऐकेना. त्याचे बाराशे इंग्रजी कलदार बदलून आमच्या राज्याचे चौदाशे हाली रुपये मीच आणून दिले. घर झाले. वर्षभराने साक्षीदार दारात उभा राहून भाडे मागू लागला.

मी म्हणालो, "दावा लावा. पैसे कुणाचे, ते मी सांगतो."

दुकानदाराने माझे हात धरले. "नको अण्णा. त्याला खोटा म्हटलं की दाखला पन खोटा. पोराची नोकरी जाईल."

हे त्या माणसाने आधीच जोखले होते. दुकानदार आपल्याच घराचे भाडे भरत राहिला. साक्षीदार भाडे घ्यायला येई तेव्हा वर गुळाचा खडाही तोंडात टाकून जाई. शेवटी दुकानदाराने सामान बैलगाडीत घातले, मुलाला मागे ठेवले आणि तो अक्कलकोटला परतला. नोकरी राहिली, घर गेले.

नंतर एकदा मी त्या बाजूने चाललो होतो. घराला कुलूप होते आणि साक्षीदार ओट्यावर शेंगा फोडत बसला होता.

"मालक, एखादा भाडेकरू बगा की."

"गावात दोघेतिघे जागा शोधताहेत."

"गावातला नगं," तो टरफले रस्त्यावर झटकत म्हणाला. "भायेरचा बगा. लई इमानदार अस्त्यात ती मानसं."