वहिनीनं नापास केलेली मिरची

आमच्या घराला आजवर जे जे मोठे धक्के बसले, ते सगळे माझ्या थोरल्या वहिनीनं दिले, आणि तेही आवाज न चढवता. पहिला धक्का आम्ही तिला बघायला गेलो त्या दिवशीच बसला. पोहे खाता खाता, मध्ये थोडा थोडा वेळ जाऊ देत, तिनं दादाला एकच प्रश्न तीनदा विचारला, "तुम्हाला राग लवकर येतो का?" मुलगी विसरभोळी आहे असं समजून आमची आई हबकलीच. वहिनीनं मात्र नंतर तिच्या घरी सांगितलं, "तिन्ही वेळा उत्तर बराबर तेच आलं. मुलगा चालंल."

ती जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत, जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ विश्लेषक शास्त्रज्ञ आहे. शेतकऱ्यांनी कंपनीसाठी पिकवलेलं संकरित बियाणं शुद्ध आहे की भेसळीचं, हे ती रोपाच्या कोवळ्या पानातला डीएनए तपासून ठरवते. आमचे वडील, बापू, गावी आष्टीच्या बाजारात मोठ्या तोऱ्यात सांगत, "आमची सूनबाई बियाचं रगत तपासती." हे तपासणं प्रयोगशाळेतच थांबलं असतं तर बरं होतं, पण तिच्या पर्समध्ये आयोडीनची छोटी बाटली असते. एकदा राजूरला गणपतीचं दर्शन घेऊन आल्यावर तिनं दुकानातच पेढ्यावर एक थेंब टाकला. पेढा निळाकाळा पडला. "खव्यात पीठ आहे," ती शांतपणे म्हणाली. दुकानदारानं पेढ्याकडं पाहिलं, देवळाकडं तोंड करून हात जोडले, आणि दादानं आम्हाला जल्दी जल्दी गाडीत कोंबलं.

खरा हादरा मात्र मागच्या हंगामात बसला. आष्टीच्या शेतात सावलीच्या जाळीचं शेडनेट उभारून बापू वहिनीच्याच कंपनीसाठी मिरचीचं बियाणं करत. एका रविवारी वहिनी आणि दादा गावी आले. पाणी पिऊन झाल्यावर ती बापूंसमोर बसली.

"बापू, तुमचं बियाणं नापास झालंय. मीच केलंय. नमुन्यावर नुसता नंबर असतो, सही झाल्यावर नाव कळलं."

"दुसऱ्या कुनाचं असंल."

"न्हाई बापू. पुन्हा करून पाह्यलं."

आई उठून आत गेली. दादा म्हणाला, "मला तरी आधी सांगायचं." त्यावर वहिनी म्हणाली, "सांगून निकाल बदलला नसता." बापूंचं बियाणं आजवर एकदाही परत आलं नव्हतं.  ते टोपी घालत म्हणाले, "चल. कुठं चुकलो ते दाखव."

मीही मागोमाग गेलो. मिरचीची कळी उमलण्याआधी तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढावे लागतात. एखादा राहिला तरी कळी स्वतःच्याच परागानं फळते आणि भेसळ होते. ते काम मजूर बायका करत, पण शेवटची नजर बापूंची असे. झाडांवर अजून थोडा बहर होता. बायकांनी हाताळलेली अशीच एक कळी वहिनीनं त्यांच्यासमोर धरली.

"साफ हाय," बापू म्हणाले.

तिनं ती मला दाखवली. आत दोन पुंकेसर तसेच चिकटलेले होते. तिनं दुसरी कळी दिली. बापूंनी ती बोटांनी चाचपली. "ही बी साफ हाय." त्या कळीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"बापू, कधीपासून दिसून न्हाई राह्यलं?"

बापूंनी कळी तिच्या हातात परत दिली. नंतर हळूच म्हणाले, "दिवाळीपासून जास्तच. उजव्यानं धुरकट दिसतं. डाव्यानं न्हाईच. सांगितलं असतं तर तुम्ही शेडनेट बंद केलं असतं."

 याच डोळ्यांनी ते मला मोटारसायकलवर मागं बसवून परतूरला नेत होते, आणि वाटेत मलाच पिकं दाखवत होते.

वहिनी त्यांना त्याच दिवशी जालन्याला घेऊन गेली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, डावा डोळा मात्र आधीच कायमचा गेला होता. कंपनीनं बियाणं घेतलं नाही ते नाहीच, आणि यंदा शेडनेट चुलतभावाकडं आहे.

पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे दवाखान्यात होतो. बापूंनी आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग समोर उभ्या असलेल्या वहिनीला. 

"सूनबाई, तुझे केस कधी पिकले गं?"

वहिनीचा हात कपाळाकडं गेला. "झाली दोन-चार वर्षं," ती म्हणाली, आणि औषधाची बाटली उगाच उचलून वाचू लागली. शेजारी उभा असलेला दादा आज पहिल्यांदाच पाहिल्यासारखा तिच्या केसांकडं बघतच राहिला.