धोबी दिसला, पण साक्षीदार कोण?

पहाटेचा गजर वाजतो आणि भास्करराव वैरागडे तो बंद करून पुन्हा पांघरुणात शिरतात. निवृत्त माणसाची सत्ता जगात कुठे चालत नाही, ती गजरावर तरी चालावी. नागपुरात पोळा होऊन मारबतीचे पुतळे जाळून झाले आहेत, हवेतला चिकचिकाट जरा सैल पडला आहे, आणि तलावाकाठच्या बागेत हिमालयाकडचे पाहुणे पक्षी उतरू लागले असतील. उतरोत बापडे. भास्कररावांना त्याचं काही नाही. दुर्बीण कापडात बांधून टेबलावर तयार आहे. आज सकाळी मेहुणा येऊन ती कायमची घेऊन जाणार आहे, जामठ्याला क्रिकेट बघायला.

डोळा लागतो न लागतो, तोच पायथ्याकडून खाट दबते.

"वैरागड्या, मेला का बे?"

भास्करराव पांघरुणातून एक डोळा बाहेर काढतात. पायथ्याशी रामकृष्ण भोयर बसला आहे. उन्हाळ्यात ज्याला त्यांनी स्वतः खांदा दिला, तोच. तेच कॅनव्हासचे बूट, आणि बसल्या बसल्या गुडघा हलवायची तीच खोड. त्याने खाटसुद्धा हलते आहे.

"मेला तर तू आहेस," भास्करराव सौम्यपणे आठवण करून देतात.

"ते राहू दे. धोबी आला. चाल."

भोयर कोर्टात बेलिफ होता. जन्मभर लपून बसलेल्या लोकांना समन्स बजावून तो निवृत्त झाला आणि मग लपून बसलेल्या पक्ष्यांच्या मागे लागला. कायदा मात्र त्याने बागेतही सोडला नाही. दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय पक्षी दिसला असं म्हणायचं नाही, पंच पाहिजे म्हणजे पाहिजे. एकट्याने पाहिलेला पक्षी ही थाप. इतकी वर्षं भोयरचा पंच वैरागडे आणि वैरागड्यांचा भोयर. आता एकट्याने बागेत जाऊन थापा कोणाला मारायच्या?

भोयर स्वयंपाकघराचं दार ढकलतो. पलीकडे गॅसची शेगडी नाही, थेट बाग आहे. बागेची पायवाट चालता चालता कोर्टाचा व्हरांडा होते आणि व्हरांडा संपतो तिथे तलाव लागतो. कठड्यावर पाणकावळे काळे पंख पसरून ओळीने वाळत उभे आहेत, एकही केस न मिळालेल्या वकिलांसारखे. भोयर त्यांना ओळखीचा नमस्कार करतो. दोघे टेकतात तो बाक भास्कररावांच्या ऑफिसातला आहे.

"तिकडे पक्षी दिसतात का रे?"

"लय जवळून दिसतात. खांद्यावर येऊन बसतात. मजाच गेली ना बाप्पा."

दुर्बीण भोयरच्या गळ्यात आहे, कापडासकट. चष्मा कपाळावर सरकवून तो सवयीने उजव्या भिंगाचं कडं फिरवतो. त्याचा उजवा डोळा अधू, त्यामुळे दर वेळी तो कडं आपल्या नंबरावर आणायचा आणि परत जागेवर कधी करायचा नाही. त्याच्यामागून दुर्बीण घेतली की भास्कररावांच्या निम्म्या जगात धुकं.

"अबे, कड्याले हात नको लावू! तू गेल्यावर माझ्या डोळ्याले लावून ठेवलं आहे."

"मग? लय चांगलं दिसलं का?"

कडं भास्कररावांच्या नंबरावर पक्कं बसलं, त्या दिवसापासून त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावलेली नाही.

"पाय तिकडे," भोयर म्हणतो. "दगडावर."

दगडावर धोबी आहे. पिवळं पोट, करडी पाठ, आणि अख्ख्या गावाचे कपडे आज एकट्यानेच धुवायचे असल्यासारखी शेपूट आपटतो आहे.

"दिसला!" भास्करराव ओरडतात. "तू पंच!"

"मयताची साक्ष चालत नाही, वैरागड्या. जिता पंच पाय."

"कुठून आणू?"

"मी जन्मभर पळून गेलेली माणसं हुडकली. तुले घरातलं माणूस सापडत नाही?"

भोयरचा गुडघा हलतो, बाक हलतो, तलाव हलतो.

"अहो, उठा ना! दादा येऊन राहिला, ते दुर्बीण पुसून ठेवा." कुमुदताई खांदा हलवत आहेत.

भास्करराव उठतात. काल स्वतः मारलेली गाठ सोडतात, काचा पुसतात, आणि एकदा शेवटचं म्हणून गॅलरीत जाऊन दुर्बीण डोळ्यांना लावतात. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीच्या काठावर काहीतरी पिवळं. डाव्या डोळ्याला शेपूट दिसते, वर, खाली, वर. उजव्या डोळ्याला नुसतं धुकं.

कडं फिरलेलं आहे.

भास्करराव ते परत जागेवर आणायला बोट टेकवतात. मग त्यांना एक वेगळंच आठवतं. चहाला आला की भोयर पेपर वाचायला कधी खिशातून आपला चष्मा काढायचा नाही. "वहिनी, तुमचा द्या. आपला नंबर जुळते."

"कुमुद, इकडे ये. चष्मा काढ."

"कायले? पोहे जळतीन माझे."

"जळू दे."

नाखुशीने त्या दुर्बीण डोळ्यांना लावतात. आणि पोहे विसरतात.

"अगं बाई! पायाचं नखसुद्धा दिसून राहिलं की हो. आणि शेपूट कायले आपटते तो? भोयर भाऊजींचा गुडघा हलायचा तसा!"

घंटी वाजते. दारात मेहुणा असणार. कुमुदताई दुर्बीण खाली घेत नाहीत.

"त्याले चहा पाजा अन् वाटेला लावा," त्या म्हणतात. "सांगा, मॅच टीव्हीवर पाय म्हणाव."

भास्कररावांचा हात सवयीने कड्याकडे गेलेला असतो. तो हळूच मागे घेतात आणि दार उघडायला जातात.